सातव्या खोलीचं गवत

पाचवी तुकडीही शेवटच्या पेटीपाशीच अडकली.

कॉलेजातली सहा पोरं पत्र्याच्या पेटीभोवती ओणवी होऊन कुलपाचे आकडे फिरवत होती, आणि प्रास्तोवो बाहेरच्या खोलीत कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसून ते बघत होता. त्यांनी दिव्याचं कोडं सोडवलं होतं, घड्याळाचं सोडवलं होतं, गवतातलं वाक्यही बरोबर वाचलं होतं. पण पुढे काय करायचं ते कोणालाच कळेना. साठ मिनिटं संपली. घंटा वाजली. त्यातल्या एकाने वैतागून पेटीला लाथ घातली.

"ए! पाय काढ!" प्रास्तोवो ओरडला. भिंतीपलीकडे आवाज जात नव्हता, म्हणून त्याने वॉकीटॉकी उचलला आणि त्यात ओरडला, "तुझ्या घरातल्या पेट्यांना लाथा घाल, गाढवा!"

आतली पोरं दचकून छताकडे बघायला लागली.

गालिहने त्याच्या हातातून वॉकीटॉकी काढून घेतला. "माफ करा मित्रांनो, बाहेर या. कॉफी आमच्याकडून." मग बटण सोडून म्हणाला, "काक, ती फुकट चाचणीला आलेली पोरं आहेत. त्यांना शिव्या घातल्या तर शनिवारी कोण येईल?"

गालिह या जागेचा मालक. लोक पैसे देऊन इथल्या खोल्यांत कोंडून घ्यायचे आणि कोडी सोडवून तासाभरात सुटायचा खेळ खेळायचे. वय चौतीस. पंचवीस वर्षांपूर्वी तो प्रास्तोवोच्या स्काउट पथकात होता, चड्डी सावरत गाठी मारायला शिकत होता. पथकातल्या शिक्षकाला सगळी मुलं काक म्हणतात, म्हणजे दादा. मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, तरी काक तो काकच राहतो. इंडोनेशियातल्या या मलांग शहरात शब्द उलटे करून बोलायची जुनी सवय. रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे बोलतात. गालिह नेहमी म्हणायचा, "सगळ्या शहराला उलटं करता येतं, फक्त काकला नाही. मागून वाचलं तरी काकच."

आज त्याला ते म्हणायची हिंमत झाली नाही.

"पाच तुकड्या झाल्या," तो म्हणाला. "पाचही तिथेच अडकल्या. खोली सुंदर आहे, काक. लोकांना आवडते. पण शेवट उघडत नाही."

"उघडेल."

"कधी?"

"कोणीतरी नीट बघेल तेव्हा."

"तुम्ही स्वतः किती वेळा बघितलंत?"

 सात आठवडे प्रास्तोवो रोज त्या खोलीत बसत होता.

गालिहने टेबलाखालून लोखंड तोडायचं मोठं कटर काढलं आणि हळूच टेबलावर ठेवलं. "रागावू नका. कुलूप तोडतो, नवीन लावतो. खिडकीच्या चित्रात वाऱ्याच्या उलट उडणारे पक्षी रंगवून घेतो. वाक्य वाचायचं, पक्षी मोजायचे, आकडा मिळाला. रंगारी उद्या येतोय. इबू नार्सिहची खोली तशीच राहील, फक्त हा एक तुकडा..."

"हा एक तुकडा काय?"

"चुकलाय, काक. त्या आजारी होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर. एवढं सगळं डोक्यात ठेवायचं म्हणजे..."

प्रास्तोवो उठला तेव्हा खुर्ची मागे पडली. "ती चुकली नाही."

"मी असं नाही म्हणत की..."

"तू तेच म्हणतोयस! सहा खोल्या करून दिल्या तिने तुला. एकीत तरी चूक निघाली? एकीत? तू याच शहरात पाट्या टाकत हिंडत होतास, आणि ती तुझ्यासाठी जेवणाच्या टेबलावर कोडी मांडत होती. आता ती गेली तर आजारी होती, विसरली, गोंधळली. जिवंत असती तर तोंडावर बोलला असतास?"

गालिहने मान खाली घालून कटर थोडं स्वतःकडे ओढलं. मग म्हणाला, "दहा हजार आकडे आहेत. दोन दिवस बसून एकेक फिरवला तर उघडेल. मी फिरवतो, वाटलं तर."

"चोर उघडतो तसं?"

"मग तुम्हीच सांगा काय करू! शनिवारच्या सगळ्या वेळा भरल्यात. लोक सुराबायाहून येतायत."

"उद्या संध्याकाळपर्यंत थांब."

"आणि उद्या संध्याकाळी?"

प्रास्तोवोने कटर उचललं, ते कपाटात टाकलं आणि कपाटाचं दार एवढ्या जोरात लावलं की वरच्या फळीवरचे हेडफोन खाली पडले.

*

प्रास्तोवो आणि त्याची बायको नार्सिह, गालिहची इबू म्हणजे बाई, यांचा एक नियम होता. खोली ती रचायची, सुतारकाम तो करायचा, आणि सगळं उभं राहिलं की पहिला खेळाडू तोच. शेवटचं कुलूप नार्सिह स्वतः लावायची. आकडा त्याला सांगायची नाही. तो आत जायचा, ती पडद्यासमोर बसायची. तो अडकला तर वॉकीटॉकीवर हसायची, पण मदत करायची नाही. तो एकटा एका तासात बाहेर आला तर खोली बरोबर. नाही आला तर ती परत कागद घेऊन बसायची. सहा खोल्या अशाच झाल्या.

तिचा दुसरा नियम होता की बाहेरचं ज्ञान लागता कामा नये. लिपी कितीही अवघड असो, तिची किल्ली त्याच चार भिंतींत हवी. एकदा एका तुकडीतल्या मुलीने सांकेतिक खुणा ओळखल्या, कारण ती पूर्वी कुठेतरी शिकली होती. नार्सिहने ते कोडं दुसऱ्याच दिवशी बदललं. म्हणाली, ज्याला येतं त्याच्यासाठी आणि ज्याला येत नाही त्याच्यासाठी दार एकाच वेळी उघडलं पाहिजे.

सातवी खोली रेल्वेच्या गार्डची. डोंगरातली एकाकी चौकी, स्वातंत्र्यलढ्याचे दिवस, गार्ड पळून गेलाय आणि मागे निरोप ठेवून गेलाय. टेबलावर कंदील आणि गार्डची वही. खिडकीबाहेर रंगवलेलं शेत, सगळी झाडं उजवीकडे वाकलेली. खिडकीत एक कागदी भिरभिरं, लपवलेल्या पंख्याने सतत फिरणारं, म्हणजे वारा कुठून येतो ते कळावं. आणि खिडकीखाली भिंतभर सागाची फळी, तिच्यावर लाकडी गवत.

त्या गवतात निरोप होता. ही लिपी इथल्या प्रत्येक पोराला पथकात शिकवतात. एका झुबक्यात एक अक्षर. बुटकं पातं म्हणजे टिंब, उंच पातं म्हणजे रेघ. तारेची जुनी लिपीच, फक्त गवताच्या वेषात. लांबून बघितलं तर कोणी म्हणेल पोराने बांधावरचं गवत काढलंय. ज्याला येत नाही त्याच्यासाठी तक्ता गार्डच्या वहीत होता. गवत वाचलं की चार शब्द निघत होते. शब्दांच्या मध्ये एकेक खडा ठेवलेला होता.

वाऱ्याच्या. उलट. उभे. मोजा.

चार शब्द, कुलपाला चार आकडे. इथपर्यंत सगळे यायचे. पण वाऱ्याच्या उलट उभं असलेलं त्या खोलीत काहीच नव्हतं. झाडं वाऱ्याच्या बाजूने, पडदा वाऱ्याच्या बाजूने, कंदिलाची रंगवलेली ज्योतही वाऱ्याच्या बाजूने. लोक खुर्च्या मोजायचे, खिळे मोजायचे, चित्रातल्या गार्डच्या कोटाची बटणं मोजायचे.

पेटी नार्सिहने घरीच भरली होती. इस्पितळात शेवटचं जायच्या आधी. आत काय ठेवलं ते त्याला बघू दिलं नाही, कुलूप लावताना पाठ फिरवायला लावली. गवताचं चित्र तेवढं राहिलं होतं. ते तिने खाटेवर पडून काढलं आणि बारा दिवसांनी ती गेली. म्हणजे आकडा सांगणारं जगात कोणी उरलं नव्हतं. ती पेटी आणि ते गवत, एवढंच.

कुलूप तोडायचं म्हणजे नार्सिह शेवटी भानावर नव्हती हे कबूल करायचं. लोकांना ते सोपं वाटत होतं. डॉक्टरांना वाटलं होतं, शेजाऱ्यांना वाटलं होतं. प्रास्तोवोला हे ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकून ऐकून वीट आला होता. एक बाई तीस वर्षं बिनचूक काम करते आणि मूत्रपिंडं बिघडली म्हणून सगळे तिच्या डोक्यावरून हात फिरवायला मोकळे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तर खोलीच्या दाराशी वेनिंग उभी होती. नार्सिहची मोठी बहीण. वय अडुसष्ट, गल्लीत शिवणकामाचा वर्ग चालवायची, आणि सुईपेक्षा जीभ जास्त टोचायची. नार्सिह गेल्यावर शंभराव्या दिवशी जी प्रार्थना झाली, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती.

"हिला कोणी बोलावलं?" प्रास्तोवोने गालिहला विचारलं.

"मी," गालिह म्हणाला. "सहावी तुकडी. कोडी सोडवणारी माणसं झाली, आता न सोडवणारं माणूस बघू."

"हिचा काय संबंध, असं विचारतोय का हा?" वेनिंग गालिहला म्हणाली. "सख्खी बहीण म्हणावं. तो प्रार्थनेला आला नाही म्हणून विसरला असेल."

"मी काम करत होतो, मबाक," प्रास्तोवो म्हणाला. मबाक म्हणजे ताई; नार्सिहसारखाच तोही तिला तशीच हाक मारायचा.

"हो ना. दीडशे माणसं सतरंजीवर बसलीयत, मौलवी येऊन बसलेत, मी भाताचे डबे भरतेय, आणि नवरा कुठे? नवरा करवत घेऊन लाकूड कापतोय."

"तिचंच लाकूड होतं ते!"

"ती होती तेव्हा तिच्या उशाशी बसला असतास तर लाकडाची गरज लागली नसती."

गालिह मध्ये आला. "इबू, काक, आत भांडा. आत साठ मिनिटं मिळतात."

तिघंही आत गेले. गालिहने प्रास्तोवोला बजावलं की तोंड उघडायचं नाही, हाताने दाखवायचं नाही, सुस्कारासुद्धा टाकायचा नाही. प्रास्तोवो दाराजवळच्या स्टुलावर हाताची घडी घालून बसला.

वेनिंगला कंदील जमला नाही. गालिहने तो तिला उघडून दिला. घड्याळही त्यानेच सोडवलं. ती खोलीत फिरत होती, पडद्याची शिवण बोटाने तपासत होती. "हे कोणी शिवलंय? धावदोरा घातलाय नुसता. लाज नाही." मग ती गार्डची वही घेऊन खिडकीखाली जमिनीवर बसली, चष्मा पुसला आणि गवताकडे बघायला लागली.

 भिरभिरं फिरत होतं.

"इबू, तक्ता वहीत आहे," गालिह म्हणाला.

"तक्ता नको मला. लहानपणी आम्ही दोघी यातच चिठ्ठ्या लिहायचो. आईला कळू नये म्हणून." तिने एका झुबक्यावरून बोट फिरवलं. "गालिह, हे गवत आहे की शाळेची कवायत?"

"म्हणजे?"

"सगळं एका रांगेत, एका बाजूला, एकसारखं झुकलेलं. जसा काय कोणी हुकूम सोडलाय. हे आमच्या नारने काढलेलं नाही."

प्रास्तोवो स्टुलावरून उठला. "तिनेच काढलंय. मी त्यावरून कापलंय."

"काक, बोलायचं नाही..."

"गप्प बस रे! मबाक, तोंडाला येईल ते बोलू नका. तिचा कागद मी कार्बन लावून उतरवला. तिथेच, इस्पितळाच्या बाकावर बसून. अक्षर न् अक्षर तिचं आहे."

"अक्षरं असतील. गवत नाही." वेनिंगने मान वर केली नाही. "मी तिच्याजवळ बसले होते, प्रास. तू औषधांच्या रांगेत होतास. पाटी तिच्या मांडीवर, उशी पाठीशी. रबर मी देत होते. तिचं गवत मधूनच डावीकडे वळायचं. एक झुबका तिने तीनदा खोडला. मी म्हटलं, अगं असू दे की, कोण बघतंय. तर म्हणाली, नाही मबाक, हा पुरेसा उलटा झुकत नाहीये."

"तिचा हात थरथरत होता," प्रास्तोवो म्हणाला.

"थरथरत होता म्हणूनच तीनदा खोडलं ना!"

 गालिह एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता.

प्रास्तोवोला तो बाक आठवला. हिरवा, पत्र्याचा, एक पाय आखूड. मांडीवर तिचा कागद, खाली कार्बन, खाली कोरा कागद. तीस वर्षं त्याने पोरांच्या वह्या तपासल्या होत्या. गवताची लिपी काढताना पोरं पहिली चूक हीच करतात. एक झुबका इकडे, एक तिकडे. तो लाल पेन्सिलीने गोल करायचा आणि शेजारी लिहायचा, वारा एकच असतो. हजारो वह्यांत लिहिलं असेल. त्या दिवशी नार्सिहच्या कागदावर डावीकडे गेलेले झुबके दिसले आणि त्याचा हात आपोआपच चालला. विचार केला नाही त्याने. एवढंच वाटलं की बिचारीचा हात गेला. आपण नीट करून टाकू, तिला सांगायला नको. कोणालाच सांगायला नको.

आणि त्याने सगळं सरळ केलं.

म्हणजे गालिहच्याही आधी, डॉक्टरांच्याही आधी, ती चुकली असं पहिल्यांदा त्याने म्हटलं होतं. तोंडाने नाही. पेन्सिलीने.

"कागद," तो म्हणाला. "तिचा कागद कुठे आहे?"

"मला विचारतोस? पाच महिने इस्पितळाची पिशवी माझ्याकडे पडलीय. तीनदा निरोप पाठवला, येऊन घेऊन जा. आलास?" वेनिंगने खांद्यावरची कापडी पिशवी काढली आणि त्याच्यापुढे आपटली. "तीच द्यायला आले होते मी. तुझी कोडी सोडवायला नाही."

पिशवीत शाल होती, लाकडी कंगवा, प्लास्टिकचा पेला, एक जपमाळ, आणि अगदी तळाशी चार घड्यांचा कागद. मागच्या बाजूला कार्बनचे निळे डाग. प्रास्तोवोने तो जमिनीवर पसरला.

काही लपलेलं नव्हतं. लहान पोरालाही दिसलं असतं. गवत उजवीकडे झुकलेलं, आणि मधूनच काही झुबके वाऱ्याच्या तोंडावर उलटे उभे. पहिल्या शब्दात दोन. खडा. दुसऱ्यात एक. खडा. तिसऱ्यात तीन, त्यातल्या एकाखाली कागद रबराने पातळ झाला होता. खडा. शेवटच्या शब्दात एक.

"वाऱ्याच्या उलट उभे मोजा," गालिह हळूच म्हणाला. "गवतच मोजायचं होतं. देवा."

प्रास्तोवो गुडघ्यांवर सरकत पेटीपाशी गेला. चार चाकं फिरवली. दोन, एक, तीन, एक. कुलूप असं उघडलं जसं ते सात आठवडे वाट बघून कंटाळलं होतं.

*

आत त्याच्यासाठी पत्र असेल असं त्याला वाटलं होतं. आत्ता या क्षणापर्यंत त्याला माहीत नव्हतं की आपल्याला तसं वाटतंय.

पत्र नव्हतं. एक पितळी घंटी होती, जिंकलेल्यांनी वाजवायची. तिच्याखाली प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद. प्रत्येक खोलीच्या शेवटच्या पेटीत असतो तसा. एक तुकडी बाहेर पडली आणि दुसरी यायच्या आधी खोली पुन्हा मांडावी लागते, त्याची यादी. खेळाडूंच्या हाती आधी लागू नये म्हणून ती शेवटच्या पेटीत ठेवायची, ही पद्धतही नार्सिहचीच.

तिचं अक्षर होतं. जरा मोठं, जरा वाकडं.

एक, कंदिलाची काच पुसून जागेवर. दोन, घड्याळ पावणेचारवर. तीन, वही तिसऱ्या पानावर बंद. असं सहापर्यंत. आणि मग:

सात. गवत. धूळ फक्त फुंकरीने काढायची, फडकं लावायचं नाही. काक प्रास, सरळ करायला जाऊ नका. मला तुमची खोड माहीत आहे.

खाली आठवं कलम होतं, पंख्याचं बटण बंद करण्याबद्दल.

प्रास्तोवोने ते दोनदा वाचलं. मग कागद मुठीत धरून तो उभा राहिला आणि ओरडला. गालिहवर नाही, वेनिंगवर नाही.

"मग आधी सांगायचं होतंस ना! पेटीत काय ठेवतेस? कुलपाच्या आत काय ठेवतेस? तोंड होतं ना तुला? माहीत होती खोड तर हात धरायचा होतास माझा!"

लाकडी भिंतींनी आवाज तसाच परत दिला. बाहेर शेजारच्या खोलीच्या तुकडीतलं कोणीतरी दारापाशी आलं होतं, ते घाईने मागे सरकलं.

"सांगितलं होतं तिने," वेनिंग म्हणाली. आवाज आता चढा नव्हता. "माझ्यासमोर. कागद तुझ्या हातात देताना म्हणाली, गवत मी काढलंय तसंच हवं हं. तू हो हो म्हणालास आणि तिच्या पायावरचं पांघरूण नीट करायला लागलास."

त्याला ते आठवत नव्हतं. पांघरूण आठवत होतं. ते एका बाजूने लोंबत होतं.

गालिहने घसा साफ केला. "काक, रंगाऱ्याला नको म्हणून सांगतो. शनिवारपर्यंत नवी फळी होईल का? नसेल तर चालेल, मी लोकांना..."

"नवी फळी कशाला? सात झुबके उपटायचे आणि उलटे बसवायचे. लाकूड तेच." प्रास्तोवोने डोळे शर्टाच्या बाहीने पुसले आणि ते केल्याचा राग पुन्हा गालिहवर काढला. "उभा काय राहिलास? हत्यारांची पेटी आण! आणि ते कटर तुझ्या घरी घेऊन जा. मला ते या इमारतीत दिसता कामा नये."

"भोकं दिसतील, काक. जुन्या जागेची."

"दिसू दे."

गालिह पळाला. प्रास्तोवो फळीसमोर पालथा पडला, गाल जमिनीला लावून झुबक्यांचं बूड बघायला लागला. गोंद चांगला धरला होता. त्याने स्वतःच लावला होता, पिढ्यान्‌पिढ्या निघू नये असा. आता तो छिन्नीने खरवडावा लागणार होता आणि पात्याला धक्का लागता कामा नये.

हत्यारं आली. त्याने सगळ्यात बारीक छिन्नी निवडली आणि हात मागे पसरला.

"मबाक, कागद धरा समोर. आणि बोलू नका."

वेनिंग त्याच्या शेजारी बसली, गुडघे कटकट वाजले. तिने कागद दोन्ही हातांनी त्याच्या डोळ्यांसमोर धरला. त्याने पहिला झुबका सोडवला, फिरवला, खाचेत टेकवून बघितला. डोकं कलतं करून बघितलं. अंगठ्याने थोडासा उभा केला, जरा सुबक दिसावा म्हणून.

"अजून डावीकडे," वेनिंग म्हणाली.

"बोलू नका म्हटलं ना!"

"मी नाही बोलत, कागद बोलतोय. डावीकडे, प्रास. अजून. तिने एवढा वाकवलाय, तेवढाच वाकव."

त्याने दात आवळले आणि तेवढाच वाकवला.